मागच्या चाकाचा ब्रेक

सानिका शिवलकर गुरुवारी सकाळी पावणेआठला करवंदीच्या जाळीत शिरली, तीही सायकलसकट. हौसेने असं कुणी शिरत नाही. सड्यावरच्या उतारावरून ती सुसाट खाली आली, लाल झेंडा दिसताच तिने ब्रेकची मूठ दाबली, हँडलला टेकेपर्यंत दाबली, आणि सायकलने तिचं काडीचंही ऐकलं नाही. फक्कीने आखलेली पांढरी रेघ गेली, उन्मेष सरांची पाण्याची बाटली गेली, दोन मुलींनी बाजूला उड्या टाकल्या, आणि शेवटी जे काम ब्रेकने करायचं ते करवंदीने केलं.

"लागलं का?" सरांनी विचारलं.

"नाही सर," सानिका म्हणाली. दोन्ही कोपरं सोलवटली होती, पण ते सांगायची ही वेळ नव्हती.

उन्मेष सर शाळेत पी.टी. शिकवायचे आणि उरलेला सगळा जीव या ट्रॅकमध्ये ओतायचे. गावाबाहेरच्या सड्यावर, उघड्या कातळावर, ट्रकने लाल माती आणून त्यांनी उंचवटे, वळणं आणि एक खडा उतार उभा केला होता. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती, म्हणूनच ते बोलायला लागले की मुलं जास्त घाबरायची.

"रविवारी आठला आधी ब्रेकची चाचणी, मग शर्यत," सर म्हणाले. "झेंड्यापर्यंत ब्रेकला हात लावायचा नाही. झेंड्यापाशी दाबायचा आणि रेघेच्या आत थांबायचं. दोन संधी मिळतील. नाही थांबलीस, तर शर्यतीत नाहीस. मग तू कितीही जोरात पळवत असलीस तरी."

जोरात ती पळवायचीच. तिच्या गटात तिच्याइतकी वेगाने त्या उंचवट्यांवरून उडणारी दुसरी मुलगी नव्हती, आणि हे ती स्वतः सांगत नसली तरी बाकीच्या मुली सांगत होत्या. रविवारच्या शर्यतीत पहिली येणारी मुलगी राज्याच्या निवडीसाठी पुण्याला जाणार होती. गट सतरा वर्षांखालचा. सानिकाला जानेवारीत सतरा पूर्ण होणार होती. म्हणजे जे काही व्हायचं ते याच रविवारी, पुढच्या वर्षी तिने कितीही पळवली तरी कुणी बघणार नव्हतं.

आणि अडलं होतं कशावर, तर एका ब्रेकवर. शर्यतीच्या बीएमएक्स सायकलला गिअर नसतो, घंटी नसते, स्टँड नसतो, पुढच्या चाकाला ब्रेकही नसतो. चाकं लहान, सीट इतकी खाली की बसायला ती आहे असं म्हणायचंच फक्त. अख्ख्या सायकलला थांबवणारी एकच गोष्ट, मागच्या रिमला दोन्ही बाजूंनी चिमटणारे दोन रबरी ठोकळे. ते रुसले की उरते करवंद.

शाळा सुटल्यावर सानिका सायकल घेऊन गंगारामकाकांच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे रस्त्याकडेची पत्र्याची शेड. काका साठीचे, तीस वर्षं सायकली दुरुस्त करणारे, आणि हाताला काळं नसेल तर स्वतःलाच ओळखू न येणारे.

"ही कुणाची गो? धाकट्या भावाची?" बुटक्या सायकलकडे बघून ते म्हणाले.

"माझी. रेसची आहे काका. ब्रेक लागत नाही."

काकांनी सायकल उलटी केली, मूठ दाबली आणि खूश झाले. मूठ लोण्यात बोट जावं तशी हँडलला जाऊन टेकली. "वायर सैल हाय. आणि हे बघ, आतनं तुटत आली. दोन तार उरलेत नुसते." त्यांनी नवी वायर ओवली, पान्याने ताणून आवळली. मग चाक फिरवून बघितलं, तर रिम एका जागी डावीकडे झुकत होती. चाकाचे आरे एकेक करून ताणत, सैल करत त्यांनी ती सरळ केली आणि शेवटी पेट्रोलचा बोळा फिरवून सगळं चाक पुसलं. "घे. आता सांग."

समोरच्या उतारावर सानिकाने सायकल सोडली, मूठ दाबली, आणि मागचं चाक जागच्या जागी असं रुतलं की ती हँडलवर आपटता आपटता राहिली. तिने आरोळीच ठोकली. रस्त्यावरच्या मासळीवाल्या बाईने टोपली सावरून तिच्याकडे रागाने बघितलं.

घरी कुणाला यातलं काही ठाऊक नव्हतं. कोपरं बघून आईने विचारलं, तेव्हा सानिका म्हणाली, दगडावरून घसरले. आईने, म्हणजे कमळाने, हळद लावली आणि विषय संपवला. बाबांनी मात्र दोन्ही कोपरं नीट निरखून बघितली.

बाबा, आत्माराम शिवलकर, सव्वीस वर्षं जहाजांच्या इंजिनरूममध्ये होते. सानिकाच्या आठवणीत बाबा म्हणजे दोन महिने घरी आणि दहा महिने फोनवर. यंदाच्या मे महिन्यात ते कायमचे परत आले, पहिली गोष्ट केली ती मुलीला हवी होती ती सायकल घेऊन दिली, आणि नंतर आता काय करायचं हे त्यांना सुचेना. पहाटे चारला त्यांना जाग यायची. घर उठेपर्यंत ते काहीबाही करत असायचे. घरात एकही दार आता कुरकुरत नव्हतं. मुलीशी बोलायला बसले की मात्र "जेवलीस?" आणि "अभ्यास झाला?" यापुढे त्यांची गाडी जात नसे. सानिकालाही काही कमी अवघडायला होत नव्हतं.

"सायकल नीट हाय ना?" त्या संध्याकाळी त्यांनी विचारलं.

"एकदम," सानिका म्हणाली. ब्रेक लागत नव्हता असं सांगितलं असतं, तर त्याच क्षणी सायकल माळ्यावर गेली असती. तशीही आता ती दुरुस्त झालीच होती.

शुक्रवारी सकाळी ती ट्रॅकवर गेली, उतारावरून आली, झेंड्यापाशी मूठ दाबली. मूठ कडक होती. वायर ताणलेली होती. रबरं रिमला घट्ट चिकटलेली तिला मान वळवून दिसत होती. आणि चाक खुशाल फिरत होतं. या वेळी करवंदीत जायच्या आधी तिने बुटाची टाच जमिनीला लावली, बूट फाटला, पण थांबली. रेघेपुढे बारा पावलं.

"तेरा," उन्मेष सर म्हणाले. त्यांनी मोजली होती.

शाळेत तिचं लक्षच नव्हतं. भौतिकशास्त्राच्या तासाला बाई घर्षणावर बोलत होत्या आणि सानिका वहीच्या मागच्या पानावर मागच्या चाकाचं चित्र काढत होती. तास संपताना तिच्या डोक्यात लख्ख काहीतरी पेटलं, आणि शेवटची घंटा होताच ती पळत सुटली.

"काका, काल मूठ मऊ होती, आज कडक आहे! म्हणजे वायर बरोबर आहे, ओढ पोचते. रबर रिमला चिकटतंय पण धरत नाही!"

गंगारामकाकांनी हातातली पंक्चर झालेली ट्यूब बाजूला ठेवली. "अगो, डॉक्टरच झालीस की तू." त्यांचेही डोळे चमकायला लागले. रोज तेच पंक्चर आणि तीच हवा, त्यात हे कोडं म्हणजे त्यांना मेजवानीच. त्यांनी रबरं काढली. वरून काचेसारखी गुळगुळीत आणि टणक झाली होती. "हे बघ! म्हातारी झालेत. ही काय धरणार?" नवी रबरं बसवली. ती बसवतानाही घाई नाही. उदबत्तीच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून रबराच्या मागच्या टोकाखाली धरला आणि मग नट आवळला, म्हणजे रबराचं पुढचं टोक रिमला आधी टेकेल आणि ब्रेक किंचाळणार नाही. पुन्हा पेट्रोलचा बोळा, पुन्हा उतार, आणि पुन्हा सायकल तीन पावलांत खिळा ठोकल्यासारखी उभी. काकांनी टाळ्या वाजवल्या. शेजारचा चहावाला आत्तापर्यंत यात ओढला गेला होता, त्यानेही वाजवल्या.

शनिवारी सकाळी ब्रेक लागला नाही.

आता मात्र सानिकाच्या तोंडचं पाणी पळालं. उद्या चाचणी. तिने ट्रॅकवरून सरळ काकांचं दुकान गाठलं आणि सायकल त्यांच्यापुढे अक्षरशः टाकली. काकांचा चेहरा उतरला. दोनदा दुरुस्त केलेली सायकल दोनदा परत येणं हे त्यांच्या नावाला काळिमा लावणारं होतं.

"संध्याकाळी लागतो, सकाळी लागत नाही," सानिका म्हणाली. तिने वहीत लिहूनच आणलं होतं. गुरुवार संध्याकाळ उत्तम, शुक्रवार सकाळ वाईट, शुक्रवार संध्याकाळ उत्तम, शनिवार सकाळ वाईट. "रात्रीत काहीतरी होतंय."

काकांनी रिमवरून अंगठा फिरवला, बोटांत चोळून बघितलं. काही कळेना. कळणार कसं? त्या बोटांना तीस वर्षांचं ग्रीस लागलेलं होतं, त्यांना जगातली प्रत्येक वस्तू सारखीच लागायची. सानिकानेही हात फिरवला. रिम गार आणि गुळगुळीत होती, आरशासारखी चकाकत होती. ओलसर म्हणावी तर ओलसर नाही.

"दव," काका शेवटी म्हणाले. "तुमचं घर पडलं मांडवीला, दर्याकाठी. खारं वारं रात्रभर येतं, रिमवर बसतं. दुसरं काय असणार?"

पटण्यासारखं होतं. त्यांनी पॉलिश पेपरने रबरं घासली, रिम घासली, पुसली, आणि ब्रेक पुन्हा शहाण्यासारखा लागायला लागला. सानिका सायकल चालवत नाही तर ढकलत घरी घेऊन गेली, वाटेत काही बिघडायला नको म्हणून. पडवीत नेहमीच्या जागी उभी केली आणि मासळी सुकवताना झाकायचं निळं प्लॅस्टिक मागच्या चाकाला गुंडाळून सुतळीने तीन गाठी मारल्या. आता येऊ दे दव.

आनंदाने आणि काळजीने तिला धड झोप लागली नाही. रविवारी सव्वापाचला ती टक्क जागी झाली. बाहेर अजून अंधार होता, पडवीत दिवा लागला होता. पडवीतून आवाज येत होता. टिक टिक टिक टिक. सायकलचं मागचं चाक सावकाश फिरवलं की येतो तो आवाज.

ती अनवाणीच धावली.

पडवीत सायकल उलटी उभी होती. निळ्या प्लॅस्टिकची चौकोनी घडी करून बाजूला ठेवली होती, सुतळीच्या गाठी सोडवून तिची गुंडाळी त्यावर. पाटावर बाबा बसले होते. डाव्या हाताने ते चाक फिरवत होते, उजव्या हातात मऊ फडकं होतं, आणि ते फडकं रिमवरून अशा मायेने फिरत होतं जसं कुणी बाळाचं अंग पुसतं. पायाशी लांब नळीची तेलाची डबी होती.

"बाबा!"

बाबा दचकले. मग चोरी पकडल्यासारखे ओशाळं हसले. "उठलीस? झोप अजून. म्हटलं आज तुझी शर्यत, चकचकीत करून ठेवतो."

"रोज करता तुम्ही हे?"

"रोज म्हणजे... या आठवड्यातच रिमला पांढरी भुकटी धरलेली दिसली गो. हे खारं वारं लोखंड खातं, अॅल्युमिनियम खातं, काय सोडत नाय. मग रोज पहाटे एक हात. तेल लावायचं आणि पुसून काढायचं, दिसता कामा नये. आणि त्या रबरांना एकेक थेंब, नायतर चिरतात." बोलता बोलता त्यांना हुरूप आला. सायकल आणल्यापासून मुलीशी एवढं ते पहिल्यांदाच बोलत होते. "जहाजावर माझं कामच ते. ऑइलर म्हणायचे मला. फिरती वस्तू दिसली की तेल."

सानिकाला हसू का रडू ते कळेना, म्हणून तिने किंकाळी फोडली. शेजारची कोंबडी फडफडत कुंपणावर चढली.

"बाबा, ब्रेक त्या रिमला धरतो! रिमला तेल लावलं तर धरणार कशाला! तीन दिवस मी आणि गंगारामकाका डोकं फोडून घेतोय!"

बाबांचा फिरता हात थांबला. चाक मात्र टिक टिक करत फिरत राहिलं.

"गुरुवारी पडलीस ती," बाबा म्हणाले, "ती दगडावरनं नाय."

"नाही. ब्रेक लागला नाही. करवंदीत गेले."

"मला दगड सांगितलंस."

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही सायकल बंद केली असती."

"केली असती," बाबांनी कबूल केलं. त्यांनी फडक्याकडे बघितलं, मग तिच्या कोपरांकडे बघितलं, आणि त्यांचा चेहरा इतका कसनुसा झाला की सानिकाचा राग जागच्या जागी विरघळला. आपल्या सोळा वर्षांत हा माणूस कधी इतका घाबरलेला तिने बघितला नव्हता, निदान त्याच्या रजेच्या दिवसांत तरी नाही.

"करवंदीऐवजी तिथे कातळ असता तर?" बाबांनी विचारलं.

मग ते उठले. "चाचणी किती वाजता?"

"आठला."

"पावणेतीन तास हायत." आणि त्यांच्या तोंडून एक नवाच आवाज आला, दहा इंजिनं चालू असताना पलीकडच्या माणसाला ऐकू जाणारा. "कमळा! पाणी तापव! कडकडीत!"

कमळा केस बांधत बाहेर आली. काय झालं ते ऐकून तिने कपाळाला हात लावला. "मी रोज बघत होते हो. मला वाटलं हिला ठाऊक हाय."

"आई!"

"विचारलंस कधी?"

सानिकाने रॉकेलची बाटली शोधायला धाव घेतली, तर बाबांनी तिला अडवलं. "रॉकेल नको. रॉकेल मागे ओशट ठेवतं. पेट्रोलने नुसती रिम साफ होईल. तेल रबरात मुरलंय, तिथनं ते परत रिमवर येणार. आधी रबरं काढ." सानिका पान्याकडे बघत राहिली, तेव्हा ते दोन पावलं मागे सरकले. "तूच कर. माझ्या हातांचं तेल साबणाने जायचं नाय. मी फक्त सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. असं सांगितलं की सानिकाला वाटलं आपण जहाजावरच आहोत. रबरांचा वरचा थर पॉलिश पेपरने घास, काळा चिकट भाग जाईपर्यंत, आतलं कोरडं रबर दिसेपर्यंत. अजून. अजून थोडं. आता भांड्याचा साबण आणि गरम पाणी. पुन्हा एकदा. रिमच्या दोन्ही कडा काथ्याने घास. आरे सोडू नकोस, आऱ्यांवरून तेल खाली उतरतं. आई वरून पाणी ओतत होती, मध्येच ओरडत होती की पडवीचं काय करून ठेवलंत. शेवटी बाबांनी औषधांच्या डब्यातली स्पिरिटची बाटली मागवली. सानिकाने नव्या कापसावर स्पिरिट घेऊन रिम पुसली. पहिला बोळा करडा निघाला. दुसरा फिकट. पाचवा पांढराशुभ्र.

"थांब. आता कुणी हात लावायचा नाय," बाबा म्हणाले. "कुणी म्हणजे मीसुद्धा."

रबरं परत बसली. उदबत्तीच्या पुठ्ठ्याची युक्ती सानिकाने बाबांना दाखवली, आणि ती बघून ते मनापासून म्हणाले, "वा! कुणी शिकवलंन?" गंगारामकाकांचं नाव ऐकून, आता त्यांच्याकडे माफी मागायला जावं लागणार, असंही म्हणाले. गल्लीतल्या उतारावर सानिकाने सायकल सोडली. ब्रेक किरकिरला आणि लागला. तिने दहा वेळा करून बघितलं, दहाही वेळा लागला. बाबा पायरीवर उभं राहून मोजत होते. पण त्यांना आणखी एक गोष्ट दिसली आणि ती ते बोलले नाहीत. मुलगी उताराला लागल्यापासूनच बोटाने ब्रेक हळूच दाबून धरत होती.

आठला पाच कमी असताना ते ट्रॅकवर पोचले, सानिका सायकलवर आणि बाबा मागून स्कूटरवर. वीसेक मुलंमुली, त्यांचे आईबाप, वडापावची एक टोपली आणि रांगेत उभ्या केलेल्या सायकली. हवेत मातीचा वास होता. एकेक मुलगी उतारावरून येत होती, झेंड्यापाशी ब्रेक दाबत होती, रेघेआत थांबत होती आणि उन्मेष सर वहीत खूण करत होते.

"शिवलकर!"

ती वरून सुटली. वारा कानात शिरला, सायकल अंगात आल्यासारखी धावायला लागली, आणि झेंडा अजून दहा पावलं लांब असताना तिच्या डोळ्यांपुढे करवंदीची जाळी आली. तिचं बोट आपोआप दाबलं गेलं. चाक रुतलं. ती झेंड्याच्याही आधी थांबली.

"झेंड्याआधी ब्रेक," सर म्हणाले. "ही संधी गेली. आता शेवटची."

सानिका सायकल ढकलत चढ चढायला लागली. ब्रेक चांगला होता, उत्तम होता, आता बिघडली होती ती स्वतः. तीन सकाळी मूठ दाबून काही झालं नव्हतं आणि ते तिच्या बोटाला पाठ झालं होतं. बोटाला स्पिरिटने कसं पुसणार? वर पोचून तिने सायकल वळवली आणि खाली बघितलं.

बाबा रेघेवर उभे होते. रेघेमागे नाही, बाजूला नाही. बरोबर मध्ये, चपला फक्कीवर ठेवून, उताराकडे तोंड करून.

उन्मेष सर त्यांच्याकडे धावले. "काका, काय करताय? बाजूला व्हा!"

"सर, आमची जहाजावरची पद्धत हाय," बाबा म्हणाले. तो दहा इंजिनांवरचा आवाज वरपर्यंत स्पष्ट ऐकू आला. "मशीन ज्याने उघडलंन, ते चालू करताना त्याने शेजारीच उभं राहायचं. लांब जाऊन बघायचं नाय. हा ब्रेक बिघडवला मी, आणि आज साफ करून घेतला तोही मीच. मी हितनं हलणार नाय."

सर काहीतरी नियम म्हणाले. पण चाचणीच्या वेळी बापाने कुठे उभं राहावं हे त्यांच्या नियमांत कुणी लिहिलेलं नसावं, कारण शेवटी ते वही घेऊन पुन्हा झेंड्यापाशी जाऊन उभे राहिले.

"बाबा, बाजूला व्हा!" सानिका वरून ओरडली.

"झेंड्यापर्यंत हात लावू नकोस!" बाबा खालून ओरडले. "लागतो तो. मी बघितलाय!"

ती त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिला एक गोष्ट कळली. हा माणूस दाराच्या बिजागरीवरही विश्वास ठेवत नाही. रोज पहाटे उठून तपासतो. ज्या यंत्राची खात्री नाही त्याच्यापुढे तो सव्वीस वर्षांत कधी उभा राहिला नसेल. आणि आज तो चपला घालून मजेत उभा आहे. त्याच क्षणी तिच्या अंगातली भीती कुठे गेली ते तिला समजलंही नाही. तिने ब्रेकवरचं बोट काढलं. पूर्ण काढलं, सरळ हवेत धरलं, खालून सगळ्यांना दिसेल असं.

आणि सुटली.

पहिला उंचवटा, दुसरा उंचवटा, मग खडा उतार. तिने पायडलही मारलं, नसतं मारलं तरी चाललं असतं. कुणीतरी किंचाळलं. झेंडा आला. झेंडा तिच्या खांद्यापाशी आला, आणि आता, आत्ता, तिने मूठ दाबली.

रबरांनी रिम धरली. मागचं चाक घासत, लाल माती उडवत सरकलं, सायकल कलली, सानिकाने तोल सावरला, आणि सगळं थांबलं. धुरळा खाली बसला तेव्हा तिचं पुढचं चाक आणि बाबांच्या चपला यांच्यामध्ये वीतभर माती होती. रेघेच्या आतली वीतभर.

"पास!" उन्मेष सर ओरडले. आवाज न चढवणारे उन्मेष सर एवढे मोठ्याने ओरडले की वडापाववाल्याच्या हातातला पाव पडला. मुली नाचायला लागल्या. सानिका सायकलवरून उतरली, तोंडभर हसत, तोंडात माती, आणि बघते तो बाबा जागेवर नाहीत.

बाबा खाली बसले होते. रेघेवरच, लाल मातीत, मांडी घालून. त्यांच्या चेहऱ्यावरून घाम वाहत होता.

"बाबा! उठा ना."

"तू जा गो," बाबा म्हणाले. "शर्यत हाय ना? वर जा."

"तुम्ही आधी उठा."

"पाय ऐकत नायत," ते म्हणाले, आणि हसायला लागले, आणि हसता हसताच डोळे पुसायला लागले. "माझं सोड. जा बाय, तुझी रांग लागली."